नवे अंग, जुने इंजिन

1985 साली मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ‘स्टँडर्ड 2000’ बाजारात आणली, तेव्हा अँबॅसिडर आणि पद्मिनी पाहून कंटाळलेल्या डोळ्यांना ती परग्रहावरची वाटावी अशी होती. लांब, उतरते नाक, मागे तिरका काच-दरवाजा. मूळ गाडी ब्रिटिश. 1976 ची रोव्हर एसडी-1. डेव्हिड बाखने तिची ठेवण आखताना फेरारी डेटोनाकडे पाहिले होते आणि 1977 साली ती युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ ठरली होती. इंग्लंडमध्ये तिच्या बॉनेटखाली साडेतीन लिटरचे व्ही-8 इंजिन असे. मद्रासला बनलेल्या गाडीत मात्र 1991 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन बसवले होते. त्याचा वंश चाळीसच्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्डचा. याच घराण्यातली इंजिने फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमध्ये होती आणि ट्रायम्फ टीआर-2 या स्पोर्ट्स कारमध्येही. इंजिन भक्कम होते, पण त्या अंगासाठी दोन पिढ्या जुने होते. गाडी जड, ताकद ऐंशी हॉर्सपॉवरच्या आसपास. तीनेक वर्षांत उत्पादन थांबले.

हा एकट्या मद्रासचा प्रकार नव्हता. आदल्याच वर्षी उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा आणली. तिचे अंग 1972 च्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचे, आणि आत अँबॅसिडरचेच 1489 सीसीचे इंजिन. पुढे इसुझूचे 1800 सीसी इंजिन मिळाले, तेव्हा कुठे तिला रूपाला शोभेल अशी चाल आली.

असे का होत होते, याचे कारण कारखान्याच्या जमिनीवर शोधावे लागते. परदेशात एखादे मॉडेल बंद पडले की त्याचे पत्रे ठोकण्याचे साचे जुन्या मालाच्या भावात विकत मिळत. इंजिनाचे तसे नसते. ब्लॉक ओतायचा, सिलिंडर बोअर करायचे, क्रँकशाफ्ट घासून इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत नेमका करायचा, यासाठी यंत्रांची अख्खी रांग उभी करावी लागते आणि तिचा खर्च हजारो इंजिने विकल्याशिवाय निघत नाही. परवाना, कोटा आणि परकीय चलनाची टंचाई यांच्या काळात ही रांग नव्याने कोण उभारणार? म्हणून अंग नवे घेतले जाई आणि इंजिन घरात होते तेच.

बंगळुरूला ही गोष्ट मोटारींच्या आधी पंचवीस वर्षे कळली होती, आणि तीही विमानातून.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साथीने डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. हेच वालचंद पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचेही संस्थापक. स्वातंत्र्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णु माधव घाटगे या कारखान्याच्या रचना विभागाचा कणा बनले. जर्मनीतल्या गटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती, आणि त्यांनी आखलेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951 साली उडाले. भारतीय माणूस भारतात विमान आखू शकतो, हे त्या विमानाने दाखवले. लढाऊ जेट ही मात्र निराळी उडी होती.

त्यासाठी 1956 च्या ऑगस्टमध्ये कुर्ट टांक बंगळुरूला आले. दुसऱ्या महायुद्धातल्या फोकेवुल्फ 190 या लढाऊ विमानाचे हे रचनाकार, युद्धानंतर अर्जेंटिनात काम करून भारतात आलेले. बरोबर जर्मन अभियंत्यांची छोटी तुकडी होती. हवाई दलाला ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान हवे होते. टांक यांनी एचएफ-24, म्हणजे मारुत, आखले ते ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस 12 या इंजिनाभोवती. जादा इंधन जाळून रेटा वाढवणारा आफ्टरबर्नर पेटल्यावर हे इंजिन सुमारे 3700 किलोंचा रेटा देणार होते आणि विमानात अशी दोन इंजिने बसायची होती. 1959 साली त्याच आकाराचे लाकडी ग्लायडर हवेत ओढून नेऊन उडवून पाहिले गेले. आकार बरोबर होता.

इंजिन आलेच नाही. ऑर्फियस 12 ज्या युरोपीय विमानांसाठी विकसित होत होते त्यांची मागणी आटली आणि उरलेल्या विकासाचा खर्च भारताने उचलावा, असा प्रस्ताव आला. दिल्लीने तो नाकारला. बंगळुरूत तेव्हा नॅट या छोट्या लढाऊ विमानाच्या निमित्ताने ऑर्फियसच्या जुन्या, आफ्टरबर्नर नसलेल्या अवताराची बांधणी होत होती. त्याच घराण्यातले ऑर्फियस 703 मारुतमध्ये बसवले. रेटा 2200 किलो. 17 जून 1961 रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी मारुत पहिल्यांदा बंगळुरूवरून उडवले, तेव्हा त्याला मूळ आराखड्यातल्या ताकदीच्या साठ टक्क्यांएवढीच ताकद मिळालेली होती. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी घडवलेले हे विमान ध्वनीच्या वेगापाशीच दमू लागले.

मग सुरू झाला इंजिनाचा शोध, आणि मारुतच्या चरित्रातला हा सगळ्यात हृदयाला लागणारा भाग आहे. सोव्हिएत इंजिन तपासून झाले. इजिप्तमध्ये फर्डिनांड ब्रांडनर ई-300 नावाचे इंजिन बनवत होते. त्याच्या चाचणीसाठी एक मारुत इजिप्तला धाडले आणि 1967 साली ते इंजिन बसवून तिथे उडवलेही. दोन वर्षांत तो प्रकल्पच गुंडाळला गेला. बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने मग जुन्याच ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडण्याचा मार्ग धरला. तशा इंजिनांच्या मारुतची चाचणी घेताना 10 जानेवारी 1970 रोजी ग्रुप कॅप्टन सुरंजन दास मृत्युमुखी पडले. बंगळुरूतल्या एका मोठ्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

मारुतला अपयशी म्हणण्याची सवय लागून गेली आहे. ती न्याय्य नाही. एकूण 147 मारुत बनली, त्यांतली 18 दोन आसनांची. 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी तीनशेहून अधिक फेऱ्या मारल्या. कमी रेट्याची का होईना, पण दोन इंजिने असल्याचा लाभही तिथेच दिसला: जमिनीवरच्या गोळीबारात एक इंजिन निकामी झाल्यावर दुसऱ्याच्या बळावर वैमानिक परतल्याचे प्रसंग एकाहून अधिक वेळा घडले. सांगाडा इतका मजबूत आणि खाली उडताना इतका स्थिर होता की वैमानिकांची त्यावर माया बसली. बंगळुरूच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात आणि मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत आजही पाहता येते. त्याची निमुळती कंबर पाहिली की टांक आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी कुठल्या वेगाचा विचार केला होता, हे सांगावे लागत नाही.

बंगळुरूत मोटारींनीही नव्या अंगात जुने इंजिन बसवण्याचा मार्ग धरला. सिपानी कंपनीने 1982 साली डॉल्फिन आणली: ब्रिटनच्या रिलायंट किटनची भारतीय आवृत्ती, फायबरग्लासचे अंग आणि 848 सीसीचे सबंध अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन. हे इंजिन साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या रचनेतून वाढत आलेले. त्याआधी रिलायंट वापरत असे ते तर ऑस्टिन सेव्हनच्या वंशातले, म्हणजे वीसच्या दशकातले. पण इथे जुन्या वंशाचे आणि हलक्या अंगाचे गणित जमले. गाडीचे वजनच इतके कमी की लहान इंजिनही चपळ वाटे. रॅलीत आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतींत डॉल्फिन दिसू लागली. तिला मागे टाकले ते डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने. तिचे इंजिन आणि अंग एकाच पिढीचे होते, आणि ग्राहकाला फरक पहिल्याच चढावर कळला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या सॅन इंजिनिअरिंगने, म्हणजे रेल्वेची लोकोमोटिव्ह बनवणाऱ्या कंपनीने, थेट दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. नाव सॅन स्टॉर्म, बांधणी गोव्यात, आखणी फ्रेंच. इंजिन रेनोच्या छोट्या कुटुंबगाडीतले, 1149 सीसीचे, साठ हॉर्सपॉवरचे. परवान्याचे जोखड तोवर उतरले होते. तरी स्वतःचे इंजिन घडवण्याइतकी विक्री एवढ्या छोट्या गाडीला कुठून मिळणार? जे मिळाले त्याच्यावर समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यांना साजेल अशी गाडी उभी करणे, हे धाडस मोठेच म्हणायचे.

4 जानेवारी 2001 रोजी त्याच बंगळुरूच्या धावपट्टीवरून तेजस हे लढाऊ विमान पहिल्यांदा उडाले. त्याच्यासाठी कावेरी हे भारतीय इंजिन 1989 पासून हाती घेतलेले होते. ते वेळेत तयार झाले नाही आणि विमान उडाले अमेरिकी एफ-404 वर. हे इंजिन ज्या एफ-18 साठी बनले, त्याचे पहिले उड्डाण 1978 सालचे. या वेळी रचनाकारांनी कावेरीसाठी थांबून राहायचे टाळले. मिळणाऱ्या इंजिनावर विमान आधी सिद्ध करून घेतले. 2008 साली कावेरी तेजसपासून वेगळे काढण्यात आले, पण काम बंद पडले नाही. आफ्टरबर्नर नसलेले त्याचे रूप मानवरहित विमानासाठी तयार करण्याचे काम बंगळुरूच्या त्याच गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने पुढे हाती घेतले.