लस राखणारा कंपाउंडर

माझ्या दादीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. माझ्या दंडावर आहेत ते देवी काढल्याचे. आणि माझी धाकटी बहीण डावा पाय ओढत चालते. तिचा जन्म १९७४चा. पोलिओचे थेंब सरकारी लसीकरणात आले १९७९ साली. पाच वर्षांचा फरक!

लसीचा इतिहास सांगताना डॉक्टर आठवतात, नर्सताई आठवतात. ती लस जिवंत राखणारा माणूस मात्र कुणाला आठवत नाही. वऱ्हाडात राहणाऱ्याला तरी तो आठवायला हवा, कारण इथला उन्हाळा माणसाला सोडत नाही, तिथं लसीला काय सोडणार?

हे भांडण जुनंच आहे. देवीची लस बगदाद-बसरामार्गे मुंबईला पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. वाळवून पाठवलेली लस वाटेतल्या उष्म्यानं निकामी होई. म्हणून पुढं ती एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात, अशी नेत राहिले. लेकरांचे दंड हीच त्या काळची बर्फपेटी! विसाव्या शतकात गोठवून वाळवलेली, उष्मा सोसणारी लस निघाली आणि देवीचा निकाल लागला. मे १९७५नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही.

पोलिओच्या थेंबांना ही युक्ती चालली नाही. ते फार नाजूक. आरोग्य केंद्रातल्या लशी दोन ते आठ अंश तापमानात ठेवायच्या. त्याहून थंडही नको, कारण गोठली तर धनुर्वाताची लस वाया जाते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. अनेक आरोग्य केंद्रांत हा लसींचा फ्रीज असतो औषधनिर्माण अधिकाऱ्याच्या ताब्यात. हे सरकारी नाव. गावात तो कंपाउंडरच.

अकोल्याकडच्या एका केंद्रातले असे कंपाउंडर माझ्या ओळखीचे होते. दिवसातून दोनदा तापमान वहीत लिहायचं, सुटीच्या दिवशीही. फ्रीजमध्ये पाण्याची बाटली ठेवायला येणाऱ्याला ते सरळ हाकलून लावत, मग तो साहेब का असेना. भारनियमनाच्या दिवसांत रात्ररात्र लाईट नसे. झाकण उघडलं नाही तर आतल्या बर्फाच्या अस्तरानं थंडावा टिकतो, म्हणून ते कुलूप लावून किल्ली खिशात घालत आणि तिथंच बाकावर आडवे होत.

डिसेंबर १९९५मध्ये देशभर पल्स पोलिओ सुरू झालं. काही वर्षांनी आमच्या मोहल्ल्यात कुजबुज पसरली, की या थेंबांनी पोरं पुढं निपुत्रिक होतात. मी कवी, भाषण ठोकलं. कुणी ऐकलं नाही. कंपाउंडर मात्र कुपी घेऊन ओट्यावर बसले. कुपीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका, तोवर लस चांगली; तापली की तो गडद होत जातो.

एका म्हाताऱ्या खालाबीनं विचारलं, ‘‘भाऊ, हे बिगडलं तं नाई ना?’’

‘‘तुम्हीच पाहा ना खालाबी,’’ म्हणत त्यांनी कुपी तिच्या हातात दिली.

तिनं उजेडात धरून ती निरखली आणि मग नातवाला पुढं केलं. तिच्यामागून आणखी तिघीजणी आल्या. सगळा मोहल्ला काही त्या दिवशी आला नाही, हेही सांगायला हवं.

अमेरिकेत २००९पर्यंत सर्व राज्यांत औषधविक्रेत्यांना लस टोचण्याची परवानगी मिळाली होती. आपल्याकडे सुई सहसा नर्सच्या हाती. पण शंका मेडिकलच्या काउंटरवरच निघतात. फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा मेडिकलवाल्याकडं कोरोनाची लस नव्हती. तरी ‘घेऊ का नको?’ हे लोक त्यालाच विचारत होते. मीही विचारलं होतं.

२७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त ठरला. मी कंपाउंडरसाहेबांना फोन लावला. ते निवृत्त झाले होते. ‘‘बरं झालं,’’ म्हणाले. मग थोडं थांबून, ‘‘बहीण कशी आहे तुमची?’’