अर्धे छायाचित्र

गुंजवण्याहून चोरदरवाजाच्या वाटेने राजगड चढणारांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतील बहुतेकांच्या खिशात छायाचित्रे घेण्याचे साधन असते. सुट्टीच्या एका दिवसात पद्मावती माचीची व बालेकिल्ल्याची जितकी चित्रे टिपली जातात, तितकी ह्या पायथ्याच्या गावातील माणसांची एका पिढीत टिपली गेली असतील की नाही, ह्याची शंका वाटते. गडाचा इतिहास आपण आस्थेने जपतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गडाखालच्या घरांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी पोटासाठी गाव सोडून गेलेल्या माणसांचा इतिहास आहे. आणि त्याचे दृश्य साधन आपणापाशी फार थोडे उरले आहे. असे का व्हावे, ह्याचा विचार करणे हा ह्या लेखाचा उद्देश आहे.

गुंजण मावळाचा हा मुलूख 1948 साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत भोर संस्थानात होता. येथे पाऊस उदंड, परंतु भातखाचरे थोडी. खाचरात भात, उतारावर नाचणी नि वरी. हे एक खरीप पीक घरात आले की पुढल्या मृगापर्यंत हातांना काम उरत नसे. पूर्वी ह्या हातांस गडाची चाकरी होती. ती गेल्यावर त्यांनी शहराची वाट धरली. 1856 साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली, 1863 साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली, आणि कोकणच्या माणसाबरोबर पुणे व सातारा जिल्ह्यांतील माणूसही गिरण्यांत नि गोदीत दिसू लागला. पुरुष चाळीतल्या एका खोलीत दहापंधरांच्या गर्दीत निजे व खाणावळीत जेवे; बायकामुले आणि म्हातारी माणसे गावच्या घरी राहत. एका संसाराच्या अशा दोन चुली झाल्या, आणि त्या दोहोंस जोडणारा धागा म्हणजे टपालाने येणारा पैसा.

ही मनीऑर्डरची व्यवस्था टपाल खात्याने 1880 साली सुरू केली. तिच्या कागदावर धाडणाराचे नाव असे, घेणाराचे नाव, गाव व ठिकाण असे, आणि ख्यालीखुशालीच्या दोन ओळी लिहिण्यापुरती जागाही असे. सरकारी कारकुनास जे विचारावे लागले, ते त्याच काळातील छायाचित्रकारास मात्र विचारावेसे वाटले नाही. विल्यम जॉन्सन ह्याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचा ग्रंथ 1863 व 1866 साली दोन भागांत प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच ‘रहिवासी’ या शब्दाशेजारी ‘पाहुणे’ हा शब्द आहे. परंतु हे पाहुणे कोठून आले, हे चित्रांवरून कळावयास मार्ग नाही. कारण त्यांतील कित्येक चित्रांत माणसे एका जागी टिपून मागाहून दुसऱ्याच देखाव्यावर बसविलेली आहेत. चित्राखाली जात किंवा धंदा सांगितला की काम संपले. माणूस हा नमुना झाला, आणि नमुन्यास गाव नसते.

पुढे छायाचित्रकारांची दृष्टी पालटली व तीत सहानुभूती आली. तथापि नावाचा प्रश्न सुटला नाही. अमेरिकेत मंदीच्या काळात, 1936 साली, डोरोथिया लँग ह्या बाईंनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका मातेचे चित्र घेतले. ते जगप्रसिद्ध झाले. ते वृत्तपत्रात येताच सरकारने त्या तळावर अन्न धाडले. परंतु ते पोचेपर्यंत हे कुटुंब कामाच्या शोधात पुढे निघून गेले होते. आपण त्या बाईचे नाव विचारले नाही, असे लँगबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगास कळण्यास 1978 साल उजाडावे लागले. आणि त्या चित्राने आपणास काहीच लाभले नाही, ही खंत तिने तेव्हा बोलून दाखविली. छायाचित्राने शेकडोंचे पोट भरले, हे खरे आहे आणि ते लहान पुण्य नव्हे. परंतु जिच्या मुद्रेवर हे सारे उभे राहिले, ती स्वतः त्या हिशेबात कोठेच नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक थोर प्रयत्न म्हणजे लेखक जॉन बर्जर व छायाचित्रकार जाँ मोर ह्यांचा 1975 सालचा ग्रंथ. युरोपातील परदेशी मजुरांवरील ह्या ग्रंथाचे प्रस्थान, काम व परतणे असे तीन भाग आहेत. म्हणजे मजूर शहरी दिसण्यापूर्वी वाचकास त्याचे गाव भेटते. त्यात पोर्तुगीज मजुरांची एक हकीकत आहे. चोरवाटेने फ्रान्सला जाणारा मजूर निघण्यापूर्वी आपले छायाचित्र काढवी व ते मधोमध फाडी. एक अर्धा तुकडा वाटाड्याजवळ राही, दुसरा स्वतःजवळ. सुखरूप पोचल्यावर तो आपला तुकडा घरी धाडी. वाटाड्या आपला तुकडा घेऊन येई. दोन्ही जुळले म्हणजे घरची माणसे त्याचे पैसे चुकते करीत. स्थलांतराचे वर्णन ह्याहून नेमके करणे कठीण आहे.

आपल्याकडे शहरातील तुकडा पुष्कळदा टिपला गेला, घरचा क्वचितच. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लक्ष गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. मोर्चांची व बंद फाटकांची चित्रे वृत्तपत्रांतून आली. पण जे कामगार हताश होऊन गावी परतले, त्यांच्या ओसरीपर्यंत जाण्याची सवड फार थोड्यांस झाली. 8 मे 2020 रोजी, टाळेबंदीत, जालन्याहून पायी निघालेले मध्यप्रदेशचे 16 मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. देशाच्या स्मरणात राहिले ते रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे चित्र. त्या पोळ्या ज्यांच्या शिदोरीच्या होत्या, त्यांच्या उमरिया व शहडोल जिल्ह्यांतील घरांचे चित्र किती जणांच्या डोळ्यांपुढे आहे?

ह्यात छायाचित्रकाराचा दोष थोडा, व्यवहाराचा अधिक. पगाराचा आधार नसलेल्या छायाचित्रकारास वृत्तपत्र एका चित्राचे मोल देते, आणि तेही अनर्थ घडल्यावर. त्याच मजुराच्या गावी जावे, तेथे चार दिवस राहावे, पुढल्या पावसात पुन्हा जावे, ह्यासाठी लागणारे भाडे त्याने स्वतःच्याच खिशातून काढावयाचे असते. म्हणूनच अकोल्याच्या सुधारक ओलवे ह्यांनी जे केले त्याचे मोल मोठे आहे. मुंबईच्या सफाई कामगारांच्या मागे ते एका बातमीपुरते गेले नाहीत. वर्षानुवर्षे गटारांत व कचऱ्याच्या डोंगरांवर, आणि तितकेच त्यांच्या घरांतही, ते त्यांच्याबरोबर राहिले. ओलवे ह्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. परंतु त्यांचे खरे महत्त्व असे की, नगरीने न पाहिलेला माणूस त्यांनी त्याच्या कुटुंबासह पाहिला.

हाच रिवाज मावळापर्यंत यावयास हवा. त्यास मोठे साधन लागत नाही. चित्राखाली पुरते नाव, गाव व साल लिहावे. चित्राची एक प्रत त्या घरी द्यावी. आणि शहरात ज्यास टिपले, त्याच्या घरी एकदा तरी जावे. मावळातील एखाद्या घरच्या पत्र्याच्या पेटीत मुंबईच्या चित्रशाळेत काढलेले आजोबांचे चित्र असेल, एखाद्या मनीऑर्डरीची जुनी पावती असेल. ज्यांस ती नावे सांगता येतील अशी वृद्ध माणसे आज आहेत, पण ती फार काळ राहावयाची नाहीत. राजगडावर जाणारा जो छायाचित्रकार परतताना गुंजवण्यात थांबून त्यांच्यापाशी घटकाभर बसेल, त्याच्या हाती त्या फाटलेल्या चित्राचा घरी राहिलेला तुकडा लागेल.