अल्बेनिया : प्रवास व पाहुणचाराची संस्कृती

अल्बेनिया : बाल्कन द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील छोटा देश. क्षेत्रफळ २८,७४८ चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, लोकसंख्या सु. २४ लाख (२०२३). उत्तरेस माँटेनेग्रो, ईशान्येस कोसोव्हो, पूर्वेस उत्तर मॅसिडोनिया, दक्षिणेस ग्रीस आणि पश्चिमेस एड्रिअ‍ॅटिक व आयोनियन समुद्र आहेत. राजधानी तिराना. देशाचा बराचसा भाग डोंगराळ असून पूर्व सीमेवरील कोराब (२,७६४ मी.) हे सर्वोच्च शिखर होय. येथील डोंगरी समाजात पाहुण्याचे स्थान कित्येक शतके रूढ कायद्याने ठरवून दिलेले होते. त्या कायद्याचा अंमल सरला, पण त्याने घडवलेली वागण्याची रीत टिकून राहिली. किल्ले, समुद्रकिनारे आणि पर्वत पाहून आलेल्या प्रवाशालाही या रितीची ओळख झाल्याशिवाय हा देश पुरता कळत नाही.

भाषा व लोक : अल्बेनियन ही इंडो-युरोपीय कुळातील स्वतंत्र शाखा आहे, या शाखेत दुसरी कोणतीही जिवंत भाषा नाही. देशाच्या मध्यातून वाहणाऱ्या श्कुंबिन नदीच्या उत्तरेस गेग आणि दक्षिणेस तोस्क या बोली बोलतात. १९०८ मध्ये मोनास्तिर (आजचे बितोला) येथील परिषदेत रोमन लिपीवर आधारलेली ३६ अक्षरांची वर्णमाला मान्य झाली. त्याआधी ही भाषा रोमन, ग्रीक आणि अरबी अशा निरनिराळ्या लिप्यांत लिहिली जाई. धर्माने विभागलेल्या या समाजाला एकत्र बांधण्याचे मोठे काम भाषेने केले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पंधराव्या शतकात क्रुयाच्या किल्ल्यावरून ऑटोमन फौजांशी पाव शतक झुंजलेला ग्येर्ग कास्त्रिओती उर्फ स्कांदरबेग (मृत्यू १४६८) हा राष्ट्रपुरुष मानला जातो. त्याच्या मृत्यूनंतर दहा-अकरा वर्षांत हा प्रदेश ऑटोमन सत्तेखाली गेला. २८ नोव्हेंबर १९१२ रोजी इस्माइल केमाली यांनी व्लोरा येथे स्वातंत्र्य जाहीर केले. १९४४ पासून १९८५ पर्यंत एन्व्हर होजा यांची कम्युनिस्ट हुकूमशाही होती. त्यांच्या काळात १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाशी आणि १९६१ मध्ये सोव्हिएत संघाशी संबंध तुटले. १९७८ मध्ये चीनशीही फाटले आणि देश जगापासून जवळजवळ तुटला. नागरिकांना परदेशी जाण्यास बंदी होती. खासगी मोटार बाळगता येत नसे. परकीय आक्रमणाच्या धास्तीने दीड लाखाहून अधिक काँक्रीटचे बंकर बांधण्यात आले. त्यांचे राखाडी घुमट शेतात, किनाऱ्यावर आणि घाटातल्या वळणांवर अजूनही दिसतात.

होजा यांच्यानंतरही टिकलेली ही कम्युनिस्ट राजवट १९९१ मध्ये कोसळली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘व्लोरा’ या एकाच जहाजात कोंबून सु. २०,००० माणसे इटलीतील बारी बंदराला पोहोचली. १९९७ मध्ये साखळी ठेव योजना बुडाल्या, लाखो कुटुंबांची पुंजी गेली आणि देशात अराजक माजले. स्थलांतर आजही थांबलेले नाही. अनेक खेड्यांत म्हातारी माणसे घर राखतात आणि मुले इटली, ग्रीस किंवा जर्मनीत कमावतात. परदेशी पाहुण्याशी यजमान अस्खलित इटालियनमध्ये किंवा ग्रीकमध्ये बोलू लागतो, त्यामागे बहुधा परमुलखात केलेली कष्टाची वर्षे असतात.

कानून व बेसा : उत्तरेकडील डोंगराळ भागात ऑटोमन अंमल नावापुरताच होता. तेथे जमीन, लग्न, वारसा, गुन्हा आणि पाहुणा यांचे नियम ‘कानून’ नावाच्या तोंडी परंपरेने ठरत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध संहिता पंधराव्या शतकातील सरदार लेक दुकाग्यिन याच्या नावाने ओळखली जाते. फ्रान्सिस्कन धर्मगुरू श्त्येफन ग्येचोव यांनी ती गावोगाव फिरून लोकांच्या तोंडून टिपून घेतली. १९२९ मध्ये त्यांची हत्या झाली; ग्रंथ १९३३ मध्ये श्कोडर येथे प्रसिद्ध झाला.

या संहितेप्रमाणे घरावर पहिला हक्क देवाचा आणि पाहुण्याचा. रात्री-अपरात्री दार वाजले तरी यजमानाने उठून आत बोलवायचे. आलेल्याचे शस्त्र काढून घेऊन खुंटीला टांगायचे, कारण आता त्याच्या रक्षणाची जबाबदारी घराची. त्याला चुलीजवळची मानाची जागा द्यायची आणि भाकरी, मीठ, जे असेल ते मोकळ्या मनाने पुढे ठेवायचे. निघताना त्याला सोबत करायची. यजमानाच्या संरक्षणात असताना पाहुणा मारला गेला, तर त्याचा सूड घेणे हे यजमानाचे कर्तव्य ठरे. वैरी जरी आश्रयाला आला तरी हेच नियम लागू होत.

या सगळ्याचा पाया म्हणजे ‘बेसा’, म्हणजे दिलेल्या शब्दाची हमी. ती मोडणाऱ्याला समाजात तोंड दाखवायला जागा नसे. दुसऱ्या महायुद्धात या मूल्याची कसोटी लागली. सप्टेंबर १९४३ पासून जर्मन फौजा देशात असताना अनेक मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांनी ज्यूंना घरात लपवले, त्यांना गावचा पोशाख आणि स्थानिक नावे दिली. युद्ध संपले तेव्हा अल्बेनियात सुरुवातीपेक्षा जास्त ज्यू होते. नाझीव्याप्त युरोपात असे फार क्वचित घडले. जेरुसलेममधील याद वाशेम या संस्थेने ७० हून अधिक अल्बेनियन व्यक्तींचा त्यासाठी गौरव केला आहे. १९९९ मध्ये कोसोव्हो युद्धातून चार लाखांहून अधिक निर्वासित या गरीब देशात आले, तेव्हाही हजारो कुटुंबांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले.

कानूनची दुसरी बाजू : ज्या संहितेने पाहुण्याला अभय दिले, तिनेच रक्ताचा बदला रक्ताने घेण्यास मान्यता दिली. खून झालेल्या घरातील पुरुषाने मारेकऱ्याच्या घरातील पुरुषाला मारायचे, असे हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चाले. सूडाच्या भीतीने पुरुष जेथे कोंडून घेत, असे दगडी बुरूजघर थेथ गावात पाहता येते. कम्युनिस्ट राजवटीने ही प्रथा दडपली, पण १९९१ नंतर ती काही भागांत पुन्हा डोके वर काढू लागली आणि घराबाहेर न पडणारी मुले शाळेला मुकली. स्त्रीला या कायद्यात मालमत्तेचा आणि निर्णयाचा हक्क जवळजवळ नव्हता. आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेऊन पुरुषाचा वेष आणि अधिकार स्वीकारणाऱ्या स्त्रिया, ‘बुर्नेशा’, या व्यवस्थेतूनच निर्माण झाल्या. आज त्या मोजक्याच उरल्या आहेत. पाहुणचाराचे कौतुक करताना हा हिशेब विसरता येत नाही. ज्या घरात पाहुणा राजा होता, त्या घरातल्या सुनेने त्यासाठी काय सोसले, हेही या संस्कृतीचेच अंग आहे.

धर्म व सहजीवन : सुन्नी मुस्लिम, बेक्ताशी, उत्तरेतील कॅथलिक आणि दक्षिणेतील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असे चार जुने धर्मसमूह येथे नांदतात. १९६७ मध्ये होजा राजवटीने सर्व मशिदी व चर्च बंद केली. श्कोडरच्या कॅथलिक कॅथीड्रलचे क्रीडागृह झाले. १९९० मध्ये बंदी उठली. आज आंतरधर्मीय विवाह सामान्य आहेत आणि सणाला शेजाऱ्याच्या घरी जाण्याची चाल आहे. बेक्ताशी सूफी पंथाचे जागतिक केंद्र तिराना येथे असून दर ऑगस्टमध्ये तोमोर पर्वतावर त्यांची मोठी यात्रा भरते. तेथे इतर धर्मीयही जातात.

भारताशी असलेला सर्वांत ठळक दुवा मदर तेरेसा यांचा. त्यांचा जन्म १९१० मध्ये स्कोप्ये येथे अल्बेनियन कुटुंबात झाला. आई आणि बहीण तिरानात असताना त्यांना भेटीची परवानगी मिळाली नाही. दोघींच्या मृत्यूनंतर, १९८९ मध्ये, त्या प्रथमच अल्बेनियात येऊ शकल्या. तिरानाच्या विमानतळाला आता त्यांचे नाव आहे. भारतातून आलो म्हटल्यावर गप्पांचा धागा बरेचदा कलकत्त्यापासूनच सुरू होतो.

घरचा पाहुणचार : उंबऱ्याशी पादत्राणे काढावी लागतात, घरातून सपाता दिल्या जातात. बसल्यावर तबक येते. दक्षिणेत, विशेषतः पर्मेतच्या परिसरात, त्यात ‘ग्लिको’ असते : कोवळे अक्रोड, अंजीर किंवा कलिंगडाची साल पाकात मुरवून केलेला गोड पदार्थ. छोट्या बशीत एखादेच फळ, चमचा आणि शेजारी गार पाण्याचा पेला. मग लांब दांड्याच्या लहान भांड्यात उकळलेली, तळाशी गाळ राहणारी कॉफी. तिच्यासोबत किंवा तिच्याआधी राकी, द्राक्षांची किंवा तुतीची घरी गाळलेली दारू. पेले उंचावून ‘गझुआर’ म्हणायचे. मद्य न घेणाऱ्याने उजवा हात छातीवर ठेवून मान किंचित लववली की नकार आदराने पोहोचतो. काहीच न घेता उठणे मात्र यजमानाला लागते. यानंतर विचारपूस होते : कुठले, घरी कोण असते, लग्न झाले का, मुले किती. हे प्रश्न चौकशीखोरपणाचे मानले जात नाहीत. उलट पाहुण्यानेही यजमानाच्या घरच्यांची ख्याली-खुशाली विचारावी, अशी अपेक्षा असते.

होकार-नकाराच्या खुणांनी परका माणूस गोंधळतो. अनेक अल्बेनियन, विशेषतः जुन्या पिढीतले, होकारासाठी मान आडवी हलवतात आणि नकारासाठी ती वर उचलून जिभेने ‘च्’ असा आवाज करतात. शंका आल्यास तोंडी ‘पो’ (होय) किंवा ‘यो’ (नाही) ऐकून घ्यावे.

आहार : मैद्याच्या पातळ पाऱ्यांत पालक, चीज किंवा खिमा भरून भाजलेला ब्युरेक हा सर्वत्र मिळणारा नाश्ता. एल्बासानचा तावे कोसी (दह्यात भाजलेले कोकराचे मांस), तिरानाची फर्गेसा (ढोबळी मिरची, टोमॅटो आणि चीज), ग्यिरोकास्तरचे किफ्की (भात, अंडी व पुदिन्याचे गोळे) हे प्रादेशिक पदार्थ प्रसिद्ध आहेत. डोंगरातील फ्लिया करायला कित्येक तास लागतात : पिठाचा एक पातळ थर ओतायचा, वरून निखाऱ्यांवर तापवलेले लोखंडी झाकण ठेवायचे, तो भाजला की पुढचा थर. शाकाहारी माणसाची ब्युरेक, भाज्या, चीज आणि सॅलड यांवर अडचण होत नाही. १४ मार्चला ‘दिता ए व्हेर्स’ हा वसंत ऋतूच्या स्वागताचा सण असतो; त्या दिवशी एल्बासानची बालोकुमे ही मक्याच्या पिठाची गोड बिस्किटे घरोघर येतात.

सार्वजनिक जीवन व कला : एका कपावर तासभर बसणे ही कॉफीगृहातली रीत आहे, व्यवहार, सोयरिकी आणि राजकारण तेथेच ठरते. बिलासाठी ओढाताण होते आणि बहुधा स्थानिक माणूसच जिंकतो. संध्याकाळी उन्हे उतरली की ‘जिरो’ सुरू होतो : नीटनेटके कपडे करून गाव मुख्य रस्त्यावर सहकुटुंब फेऱ्या मारते. दक्षिणेतील बहुस्वरी समूहगायन (इसो-पॉलिफोनी) युनेस्कोने २००५ मध्ये गौरवले. यात एक गट सलग आधारस्वर धरतो आणि इतर आवाज त्यावर चढत-उतरत जातात. उत्तरेतील स्त्रियांचा घंटेच्या आकाराचा जाड लोकरी पोशाख ‘जुब्लेता’ २०२२ मध्ये तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत आला. बांधकाम चालू असलेल्या घरांवर दृष्ट लागू नये म्हणून बुजगावणी आणि कापडी बाहुल्या टांगलेल्या दिसतात.

प्रमुख स्थळे : ओसुम नदीकाठी डोंगरउतारावर खिडक्यांच्या रांगा दाखवणारे बेरात आणि दगडी छपरांचे ग्यिरोकास्तर ही दोन्ही शहरे जागतिक वारसा आहेत. होजा आणि कादंबरीकार इस्माइल कादारे (१९३६–२०२४) दोघेही ग्यिरोकास्तरचे. बुत्रिंत येथे ग्रीक, रोमन, बायझंटिन आणि व्हेनिसकालीन अवशेष एकाच ठिकाणी आहेत. श्कोडरच्या मारुबी संग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची छायाचित्रे जपली आहेत. कोमान धरणाच्या जलाशयातून बोटीने वाल्बोनाकडे जाता येते, तेथून सु. १,८०० मी. उंचीची खिंड ओलांडून दिवसभराच्या चालीने थेथ गाव गाठता येते. २०२३ मध्ये व्योसा नदी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. जवळजवळ अडथळ्याविना वाहणाऱ्या युरोपातील मोजक्या नद्यांत तिची गणना होते.

प्रवासाची सोय : चलन लेक. १९६५ मध्ये दहा जुन्या लेकचा एक नवा लेक झाला, तरी लोक आजही बोलण्यात जुन्या हिशेबाने किंमत सांगतात. पाचशेची वस्तू ‘पाच हजार’ म्हटली जाते. त्यामागे फसवणूक नसते. आकडा लिहून घेतला की खुलासा होतो. रेल्वे नाममात्र आहे. बस आणि ‘फुर्गोन’ नावाच्या छोट्या गाड्यांनी लोक प्रवास करतात. अनेक फुर्गोन भरल्यावरच सुटतात. डोंगरातील गावांत कुटुंबाने चालवलेल्या निवासांत राहणे उत्तम. वैध व वापरलेला बहुप्रवेश शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही, इतरांसाठी ऑनलाइन अर्जाची सोय आहे. नियम निघण्यापूर्वी पडताळावेत.

सद्यस्थिती : अल्बेनिया २००९ मध्ये नाटोचा सदस्य झाला आणि २०२२ मध्ये युरोपीय संघात प्रवेशाची बोलणी सुरू झाली. २०२३ मध्ये एक कोटीहून अधिक परदेशी पाहुणे आले, लोकसंख्येच्या चौपट. किनाऱ्यावर उंच हॉटेले उभी राहिली आणि थेथपर्यंत डांबरी रस्ता पोहोचला. पर्यटनाचा पैसा तरुणांना गावी थांबण्याचे कारण देतो, हा त्याचा मोठा लाभ. मात्र वाटसरूला फुकट जेवू घालणारी रीत एवढ्या गर्दीला पुरी पडणार नाही. पाहुण्याने आपले कर्तव्य ओळखले तरच ती तगेल : निवासाचे आणि जेवणाचे पैसे चोख द्यावेत, जे प्रेमाने दिले ते प्रेमाने घ्यावे, मुलांसाठी खाऊ न्यावा आणि फोटो काढण्याआधी विचारावे. कानूनने यजमानाला बांधून घेतले होते. आजच्या प्रवाशाने ते बंधन आपणहून अर्धे उचलायला हवे.