बाराव्या वर्षाच्या मुलांनी दिलेलं औषध

घरातले आजोबा रात्री तिसऱ्यांदा उठतात. अंधारात चप्पल चाचपतात, मोरीतला दिवा लागतो, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. सकाळी कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, ‘वय झालं आता.’ आपल्याकडे पुरुष या दुखण्याबद्दल डॉक्टरांशीसुद्धा आडवळणानं बोलतात. लघवीची धार बारीक झाली, थांबून थांबून होते, झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते, हे सांगायला त्यांना दोन-दोन वर्षं लागतात. आणि एखाद्या रात्री लघवी अजिबात तुंबते, तेव्हा सगळी वाडी जागी होते.

दुखणं मात्र जुनंच आहे. सुश्रुतानं मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले, त्यात ‘वाताष्ठीला’ नावाचा एक आहे. मूत्राशय आणि गुदमार्ग यांच्यामध्ये दगडासारखी टणक गाठ होते आणि लघवी अडते, असं तिचं वर्णन. आज ज्याला आपण प्रोस्टेट किंवा पौरुषग्रंथीची वाढ म्हणतो, तीच ही असावी, असं बरेच वैद्य मानतात.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी. उतारवयात ती वाढते आणि मधली वाट दाबते. एकोणिसाव्या शतकात युरोपातले म्हातारे गृहस्थ स्वतःची लघवी काढायची नळी जवळ बाळगत, कुणी ती हातातल्या काठीच्या पोकळीतही दडवून नेत. जंतुसंसर्ग ठरलेला आणि त्यावर औषध नाही. एकदा रोज नळी घालायची वेळ आली की पुढची वर्षं थोडीच उरली, असं तेव्हाचे डॉक्टर समजत.

या ग्रंथीचा वृषणांशी संबंध आहे, हे जॉन हंटर या स्कॉटिश शल्यविशारदानं 1786 सालीच नोंदवलं होतं. खच्ची केलेल्या जनावरांत ती लहान आणि लिबलिबीत राहते, असं त्याला दिसलं. या निरीक्षणाचा फार निर्दय अर्थ शंभर वर्षांनी फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइटनं लावला. म्हाताऱ्या रुग्णांचे वृषणच काढून टाकायचे! 1895 मध्ये त्यानं अशा 111 रुग्णांचा अहवाल छापला. बऱ्याच जणांची ग्रंथी आकसली, हे खरं. पण दगावलेलेही कमी नव्हते, आणि ही पद्धत लवकरच मागे पडली.

तिची जागा चाकूनं घेतली. यात आपल्या ओळखीचा एक माणूस आहे. पीटर फ्रेयर हा आयरिश डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये उत्तर हिंदुस्थानात वीस वर्षं राहिलेला. मुतखडे काढण्यात त्याचा हात असा बसला होता, की रामपूरच्या नवाबानं त्याला एक लाख रुपये दिले. हा लंडनला परतला आणि डिसेंबर 1900 मध्ये पोटावाटे मूत्राशय उघडून त्यानं बोटानं आख्खी वाढ सोलून काढली. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलरनं हे आधीच केलं होतं. त्यावरून वादही झाला. नाव मात्र फ्रेयरचं राहिलं.

त्यानंतर पाऊणशे वर्षं उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. गोळी घेऊन हे दुखणं हटेल असं कुणाला वाटत नव्हतं.

पहिली चाहूल लागली जेरुसलेमला. वाट दोन कारणांनी दाबली जाते, असं मार्को केन या डॉक्टरच्या लक्षात आलं. एक म्हणजे ग्रंथीचा आकार. दुसरं, तिच्यातले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळलेल्या मुठीसारखे घट्ट असतात. ही मूठ आवळण्याचा निरोप नसांमार्फत येतो. तो अडवणारं फेनॉक्सिबेन्झामिन हे औषध केननं 1970 नंतरच्या दशकात रुग्णांना दिलं आणि धार सुधारली. पण त्यानं चक्कर यायची, रक्तदाब उतरायचा. पुढे त्याच वाटेनं रक्तदाबाच्या काही गोळ्या इकडे वळल्या, आणि जपानमध्ये टॅम्सुलोसिन तयार झालं. 1993 मध्ये ते तिथे बाजारात आलं. त्याचा रोख मुख्यतः या ग्रंथीच्या स्नायूंवर, त्यामुळे रक्तदाबाला धक्का कमी. ही गोळी काही दिवसांतच गुण देते. (सर्दीच्या काही गोळ्या नेमकं उलटं करतात, मूठ आवळतात. पडशानं हैराण म्हाताऱ्याची लघवी अचानक तुंबते, तिचं कारण कधीकधी हे असतं.)

ग्रंथीचा आकार मात्र या औषधानं कमी होत नाही. त्यासाठी जावं लागलं कॅरिबियन बेटांवर, डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास नावाच्या खेड्यात. तिथे काही बाळं मुलीसारखी दिसत जन्मायची, मुलगी म्हणूनच वाढायची, आणि वयात येताना त्यांचा आवाज फुटायचा, खांदे भरायचे, पुरुषाची खूण प्रकट व्हायची. गावानं त्यांना ‘बाराव्या वर्षी पुरुष’ अशा अर्थाचं नावच दिलं होतं. न्यूयॉर्कच्या डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली तिथे गेल्या, त्या कुटुंबांना भेटल्या, आणि 1974 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण छापलं. टेस्टोस्टेरॉनचं आणखी जोरकस संप्रेरकात रूपांतर करणारं एक विकर या मुलांत जन्मतः कमी होतं. मोठेपणीही त्यांची प्रोस्टेट लहानच राहायची, आणि टक्कल पडत नसे.

मर्क कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख रॉय व्हॅजेलॉस यांनी यातली मेख ओळखली. निसर्गानं या मुलांत जे विकर कमी ठेवलं, तेच म्हाताऱ्यांमध्ये गोळीनं रोखलं तर? हंटरचं निरीक्षण होतंच. आता वृषणांना हात न लावता तोच परिणाम साधायचा होता. सतरा-अठरा वर्षं खपल्यावर 1992 मध्ये फिनास्टेराइडला अमेरिकेत मान्यता मिळाली. या गोळीनं ग्रंथी साधारण पाव हिश्श्यानं आकसते, पण सहा महिने धीर धरावा लागतो. काहींची कामेच्छा मंदावते, हेही सांगायला हवं. सालिनासच्या मुलांना मात्र या शोधातून निघालेल्या गोळीचा काडीचा उपयोग नव्हता. त्यांच्यात जी उणीव होती, तीच ही गोळी निर्माण करते. मला ही गोष्ट दर वेळी खटकते.

दोन्ही प्रकारची औषधं एकत्र दिली तर? अमेरिकेत तीन हजारांवर पुरुषांना साडेचार वर्षं पाहून 2003 मध्ये त्याचं उत्तर छापलं गेलं. आजार बळावण्याचा धोका एकेका औषधानं एक-तृतीयांशाच्या आसपास घटला, दोन्हींनी मिळून दोन-तृतीयांश. फिनास्टेराइड चालू असताना रक्तातल्या पीएसए तपासणीचा आकडा निम्म्यावर येतो, त्यामुळे कर्करोगाची शंका झाकली जाऊ शकते. रिपोर्ट दाखवताना गोळीचं नाव सांगायचं ते याचसाठी.

आणि 2005 मध्ये एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली, तीही डोळ्यांच्या डॉक्टरांकडून. टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातला बुबुळाचा पडदा ऐन वेळी ढिला पडून फडफडतो, कारण त्या पडद्यातही तेच स्नायू आहेत. आधी माहीत असेल तर डॉक्टर तयारी ठेवतात. म्हणून आजोबांना मोतीबिंदूसाठी नेताना ही गोळी चालू आहे, किंवा पूर्वी कधी चालू होती, एवढं तिथे आठवणीनं सांगा.