काळ्याची भीती, कच्च्याचा भरवसा: टेबलावरच्या शेगडीची गोष्ट

"डॉक्टर, शनिवारी कोरियन हॉटेलात जेवलो. मांसाचे काही तुकडे पार काळे झाले होते. त्याने कॅन्सर होतो म्हणे. काही होणार नाही ना?"

हा प्रश्न हल्ली मला अधूनमधून विचारला जातो. रांजणगाव, तळेगाव, चाकणच्या कारखान्यांमुळे कोरियन आणि जपानी कुटुंबे पुण्यात राहायला आली, त्यांच्यामागून त्यांची हॉटेले आली. मग कोरियन मालिका पाहणाऱ्या आपल्या मुलांनी आईवडिलांना तिथे ओढून नेले. टेबलाच्या मधोमध शेगडी, बशीत कच्च्या मांसाच्या पातळ चकत्या, हातात चिमटा. आपले आपण भाजायचे आणि खायचे.

काळ्या तुकड्यांबद्दल विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, "चिमटा एक होता की दोन?" बहुतेकांना ते आठवतच नाही. मी असे का विचारतो, हे कळण्यासाठी या शेगडीचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

मांस, पण औषध म्हणून

जपानमध्ये इ.स. 675 मध्ये सम्राट तेन्मूने शेतीच्या महिन्यांत गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. बौद्ध धर्माचा प्रभाव हे एक कारण होते आणि शेतीची जनावरे वाचवणे हे दुसरे. पुढे शेकडो वर्षे चतुष्पाद प्राण्यांचे मांस खाणे कमीपणाचे मानले गेले. तरी पळवाट होतीच. आजारी किंवा अशक्त माणसाला 'औषध' म्हणून मांस चालत असे. या रिवाजाला 'कुसुरिगुई', म्हणजे औषध म्हणून खाणे, असे नावच होते. रानडुकराला 'डोंगरातला देवमासा' म्हणायचे, म्हणजे मासा खाल्ल्याचे समाधान! मेइजी सम्राटाने 1872 मध्ये उघडपणे गोमांस खाल्ले, तेव्हा कुठे हा संकोच सुटू लागला.

कोरियातही नांगराचे बैल वाचवण्यासाठी जोसोन राजांनी कत्तलीवर वेळोवेळी बंदी घातली होती, पण खाणारे खातच राहिले. 1849 च्या 'दोंगगुक सेसिगी' या सणवारांच्या पुस्तकात सोलच्या लोकांचे एक वर्णन आहे. दहाव्या महिन्यात, थंडी सुरू झाली की लोक निखाऱ्यांची शेगडी पेटवत, मसाला लावलेले मांस तिच्यावर भाजत आणि भोवती बसून खात. आज आपण ज्याला 'कोरियन बार्बेक्यू' म्हणतो, त्याचेच हे जुने रूप. 'बुल' म्हणजे आग आणि 'गोगी' म्हणजे मांस; त्यावरून 'बुलगोगी'.

ओसाकातली वजडी

1910 ते 1945 कोरिया जपानच्या ताब्यात होता. युद्ध संपले तेव्हा जपानमध्ये सुमारे 20 लाख कोरियन होते. त्यांतले सुमारे 6 लाख तिथेच राहिले. नोकऱ्या मिळत नव्हत्या आणि अन्नाची टंचाई होती. ओसाकाच्या त्सुरुहाशीसारख्या वस्त्यांत, युद्धानंतरच्या काळ्या बाजाराच्या आसपास त्यांनी छोट्या खाणावळी थाटल्या. चांगले मांस परवडत नसे. इतरांना नको असलेली वजडी, आतडी, कलेजी ते मसाला लावून निखाऱ्यावर भाजत. या पदार्थाला 'होरुमोन' म्हणतात. ओसाकाच्या बोलीत 'होरू मोनो' म्हणजे टाकून द्यायची वस्तू, त्यावरून हे नाव आले असे काही जण सांगतात.

जपानी 'याकिनिकू' हॉटेल बहुतांशी या गरिबीतूनच उभे राहिले. 1980 मध्ये धूर टेबलाखालीच ओढून घेणारी शेगडी बाजारात आली. कपड्यांना वास लागेनासा झाला आणि सहकुटुंब जाणारे ग्राहक वाढले.

डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एरवी हॉटेलात मांस शिजले की नाही, हे आचारी पाहतो. शेगडी टेबलावर आली आणि ते काम तुमच्याकडे आले. भुकेल्या, गप्पांत रंगलेल्या माणसाकडे!

काळ्याची भीती

1970 च्या दशकात टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत ताकाशी सुगिमुरा हे शास्त्रज्ञ काम करत होते. भाजलेल्या माशाच्या धुरात आणि मासे-मांसाच्या करपलेल्या भागात जनुकांत बदल घडवणारी द्रव्ये असतात, असे त्यांच्या गटाला आढळले. हे निष्कर्ष 1977 मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र आचेवर मांसातील अमिनो आम्ले आणि क्रिएटिन यांच्यापासून 'हेटेरोसायक्लिक अमाइन्स' तयार होतात. शिवाय चरबी निखाऱ्यावर ठिबकली की उठणाऱ्या धुरातून आणखी काही घातक द्रव्ये मांसावर बसतात. उंदरांना या अमाइन्सचे मोठे डोस दिल्यावर त्यांना कॅन्सर झाले.

लगेच 1978 मध्ये जपानमध्ये कॅन्सर टाळण्याचे 12 नियम आले. त्यांत 'करपलेला भाग टाळा' हा एक होता. मग आया मुलांच्या माशाची काळी साल खरवडून काढू लागल्या. पुढे लक्षात आले की उंदरांना दिलेले डोस माणसाच्या जेवणातून मिळणाऱ्या मात्रेच्या हजारो पट होते. 2011 मध्ये हे 12 नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा करपलेल्या भागाचा नियम त्यांत नव्हता. तंबाखू, दारू आणि मीठ यांचे नियम मात्र कायम राहिले.

म्हणजे काळे खाणे चांगले, असे नाही. रोज करपलेले मांस खाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2015 मध्ये लाल मांसाला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात ठेवले आहे. पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चार तुकडे काळे झाले, म्हणून झोप उडवू नका.

कच्च्याचा घात

ज्या 2011 मध्ये करपलेल्याचा नियम गेला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानमध्ये दुसरीच घटना घडली. एका स्वस्त याकिनिकू साखळीत अनेकांनी 'युक्के' खाल्ले. कच्च्या गोमांसाचे बारीक तुकडे, तिळाचे तेल, वर अंड्याचा बलक; मूळ कोरियन 'युक्होए'. त्या मांसात ई-कोलाय O111 हा जंतू होता. 181 जण आजारी पडले आणि 5 जण दगावले, त्यांत लहान मुलेही होती.

हे ई-कोलाय जनावराच्या आतड्यात निमूट राहतात. कापताना ते मांसाच्या पृष्ठभागावर येतात. मोठा तुकडा बाहेरून नीट भाजला की मरतात. पण तेच मांस बारीक चिरले की बाहेरचे जंतू आत मिसळतात. त्यांच्या गटातल्या O157 चे शंभराहून कमी जंतूही आजारी पाडायला पुरतात. त्यांचे विष मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्या आणि लाल पेशी फोडते. आधी पोटात मुरडा, मग रक्ताचे जुलाब आणि काही मुलांत आठवडाभरात मूत्रपिंड बंद.

जपान सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये कच्च्या गोमांसाचे नियम कडक केले आणि जुलै 2012 मध्ये गाईची कच्ची कलेजी देण्यावर बंदी घातली. तर काही हॉटेलांनी डुकराची कच्ची कलेजी द्यायला सुरुवात केली! तिच्यातून हिपॅटायटिस ई होऊ शकतो. अखेर 2015 मध्ये कच्चे डुकराचे मांसही बंद झाले.

30 वर्षे लोक काळ्याला घाबरले आणि लालसर, ताज्या दिसणाऱ्या मांसावर भरवसा ठेवला. ताजे म्हणजे जंतूरहित नव्हे. जंतू दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही.

आता तुमच्या टेबलावर

1. दोन चिमटे मागा. एक फक्त कच्च्यासाठी, दुसरा भाजलेल्यासाठी. ज्या चॉपस्टिकने खाता, तिने कच्चे मांस उचलू नका. टेबलावर कोणी शाकाहारी असेल, तर त्यांचे मशरूम आणि भाज्या वेगळ्या जाळीवर, वेगळ्या चिमट्याने भाजा.

2. डुकराचे मांस, कोंबडी, कलेजी आणि वजडी आतपर्यंत शिजू द्या. जपानी आरोग्य खात्याचा नियम आहे: मध्यभागी 75 अंश सेल्सियस, किमान एक मिनिट. आत गुलाबी दिसले तर परत जाळीवर ठेवा.

3. जाळी काळी झाली की बदलून मागा. ज्वाळा उठल्या की मांस बाजूला घ्या. काळा कोपरा कात्रीने कापून टाका. कोरियन हॉटेलात कात्री टेबलावरच असते.

4. मांस गुंडाळायची पाने धुतलेली आहेत ना, ते पाहा. आपल्याकडे फिट्स आणणारी मेंदूतली टेपवर्मची गाठ डुकराचे मांस खाऊन होत नाही. जंताच्या अंड्यांनी दूषित झालेले अन्न-पाणी किंवा हात यांतून ती होते, त्यामुळे शाकाहारी माणसालाही होऊ शकते.

5. रक्तदाब असेल तर किमची, सोया सॉस आणि सूप बेताने घ्या. त्यांत मीठ फार असते.

6. हा बेत घरी करताना बंद खोलीत कोळसा कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने जीव जातो.

गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मांस अजिबात खाऊ नये. अशा जेवणानंतर आठवडाभरात रक्ताचे जुलाब झाले किंवा मुलाची लघवी कमी झाली, तर जुलाब थांबवणारी गोळी किंवा घरात उरलेले अँटिबायोटिक देऊ नका. त्याने धोका वाढू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि काय खाल्ले, ते आठवून सांगा.

तेव्हा मी चिमट्याबद्दल विचारीनच.