चार्जचा गाडा : वीज देयकाच्या आठ ओळींवरील भाष्य

भाष्याला संहिता लागते. माझ्यासमोरची संहिता म्हणजे नागपुरातल्या एका घरगुती ग्राहकाचे वीज देयक. घराघरांत ज्याला 'लाइटचं बिल' म्हणतात ते. 'चार्ज' हा इंग्रजी शब्द या कागदामागे चार वेळा उभा आहे. कागदाबाहेर तो न्यायालयात, सातबाऱ्यावर, विधानभवनात आणि मोबाइलच्या वायरीतही भेटतो, दर ठिकाणी नव्या अर्थाने.

त्याचे मूळ लॅटिन 'कार्रुस', म्हणजे गाडा. गाड्यावर माल लादणे हा आरंभीचा अर्थ. पुढे लादायची चीज बदलत गेली : माणसावर आरोप लादला, नोकरदारावर जबाबदारी, गिऱ्हाइकावर रक्कम. स्पॅनिशमध्येही याच कुळातला 'कार्गो' हा शब्द पद, आरोप आणि खात्यावर टाकलेली रक्कम असे तीन अर्थ वाहतो. ओझ्यासाठी आणि विजेसाठी तिथे 'कार्गा' आहे. म्हणजे इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाणाऱ्याला जुन्या गाड्यावरूनच बरीच वाट कापता येते. मराठीत तो गाडाच नाही. इथे दर ओझ्याला वेगळा हमाल शोधावा लागला.

ओळ १ : वीज पुरवठा देयक

'बिल'ही बहुअर्थी. सभागृहात मांडतात ते विधेयक, दुकानदार देतो ते देयक. 'वि + धा' या एका मुळापासून विधी, विधान, विधेयक, संविधान अशी शब्दांची माळ ओवायची, ही डॉ. रघुवीर यांची रीत. लाहोरहून आलेल्या रघुवीरांची सरस्वती विहार ही संस्था फाळणीच्या सुमारास नागपुरात होती आणि त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली इथूनच निघाला. तेव्हा नागपूर ही हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. 'देयक' त्याच संस्कृत घडणीचे : जे द्यायचे आहे ते. घरात मात्र आजही 'बिल'च येते.

ओळ २ : मंजूर भार

हा चार्ज नव्हे, 'लोड'. पण गाड्यावरचे मूळ ओझे याच ओळीत आहे, म्हणून थांबायला हवे. 'भार' इथे किलोवॅटसाठी खर्ची पडला, त्यामुळे खालच्या ओळींतल्या पैशासाठी तो मोकळा राहिला नाही. अनुवाद करताना एक शब्द सुटा निवडता येत नाही. शेजारच्या ओळीत कोण बसले आहे ते पाहावे लागते.

ओळ ३ : स्थिर आकार

या संहितेचा गाभा ही ओळ. महिनाभर घराला कुलूप असले तरी द्यावी लागते ती रक्कम. शाळकरी पोराला 'स्थिर आकार' वाचून त्रिकोण-चौकोन आठवले तर त्याचा दोष नाही. पण 'आकार'ला मराठीत महसुली अर्थ आहे. जमिनीची आकारणी होते, गावच्या दप्तरात आकारबंद असतो, उशीर झाला की दंड आकारतात. ठरलेल्या रीतीने मोजून बसवलेली रक्कम, हा अर्थ गावकऱ्याला आधीच ठाऊक होता. नवा शब्द न घडवता शेतसाऱ्याच्या दप्तरातला जुना शब्द विजेच्या खांबावर चढवला. मला हा या कागदावरचा सर्वांत चांगला अनुवाद वाटतो.

ओळ ४ : वीज आकार

वापरलेल्या युनिटांची, टप्प्याटप्प्याने चढत जाणाऱ्या दराची रक्कम. नागपूरहून उत्तरेला सीमा ओलांडून छिंदवाड्यात गेलात की तिथल्या हिंदी बिलावर याच जागी 'ऊर्जा प्रभार' दिसतो. आपल्या पाठ्यपुस्तकात 'प्रभार' म्हणजे विजेचा चार्ज : धनप्रभार, ऋणप्रभार. हिंदी पाठ्यपुस्तकात त्याला 'आवेश' म्हणतात, आणि आपल्याकडे आवेश भाषणात येतो. मराठी बिलावर 'वीज प्रभार' लिहिले असते, तर दहावीच्या मुलाने ते कूलोंबमध्ये मोजले असते. कचेरीत मात्र आपणही 'प्रभारी मुख्याध्यापक' म्हणतोच. तिथे घोटाळा होत नाही, कारण मुख्याध्यापकांना कुणी बॅटरीला जोडत नाही.

ओळ ५ : वहन आकार

इंग्रजीत 'व्हीलिंग चार्ज'. शब्दाला शब्द लावणारा 'चाक आकार' लिहून मोकळा झाला असता. इथे अनुवादकाने काम पाहिले : वीज तारांच्या जाळ्यातून ग्राहकापर्यंत नेण्याचा हा मोबदला, म्हणून 'वहन'. गंमत अशी, की मुळात चाक आणि गाडा दोन्ही होते, आणि 'वहन' ज्या 'वह्' धातूचे त्याच धातूचे 'वाहन'. चाक काढून टाकले तरी गाडी आलीच.

ओळ ६ : इंधन समायोजन आकार

कोराडी-खापरखेड्याची केंद्रे कोळशावर चालतात. इंधनाचा खर्च हलला की ही ओळ हलते. 'समायोजन' म्हणजे 'ॲडजस्टमेंट'. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी आपण 'जरा ॲडजस्ट करा' म्हणतो. तिथे 'समायोजन करा' म्हणून पाहा, जागा मिळणार नाही.

ओळ ७ : वीज शुल्क (१६%)

हीही रक्कमच, मग 'आकार' का नाही? कारण इंग्रजीत इथे 'ड्यूटी' आहे. आकार पुरवठ्याचा मोबदला, शुल्क शासनाचे. ज्याच्या घरचा माणूस 'ड्यूटीवर' जातो त्याला 'ड्यूटी'चा हा दुसरा अर्थ सुचणार नाही. मराठीने कर्तव्य आणि शुल्क वेगळे ठेवून पैसा कुणाकडे जातो ते ओळीतच सांगितले. इथे मराठी इंग्रजीहून स्पष्ट आहे.

ओळ ८ : देयक दिनांक, देय दिनांक

पहिला बिल काढल्याचा दिवस, दुसरा पैसे भरायचा. मध्ये फक्त एका 'क'चे अंतर, तेही बारीक टाइपात. व्याकरण निर्दोष, वाचकाची मात्र फसगत. 'भरण्याची शेवटची तारीख' लांब आहे, पण कुणी चुकणार नाही.

कागदाबाहेर

उरलेल्या अर्थांचीही मराठीने अशीच वाटणी केली. फौजदारी न्यायालयात दोषारोप. सातबाऱ्यावर इतर अधिकारांच्या रकान्यात बँकेचा बोजा. १९५३ च्या नागपूर कराराच्या आधाराने इथे भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांत दोन रकाने असतात : दत्तमत आणि भारित. राज्यपालांचे वा उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन भारित. त्यावर चर्चा होईल, मतदान नाही. अधिकारी पदभार घेतात, पोलीस लाठीमार करतात. आणि घरी आई सांगते, 'मोबाइल चार्जिंगले लाव.' या शेवटच्या जागी प्रतिशब्द शोधू नये. वऱ्हाडी 'ले' लागला, तिथेच तो शब्द आपला झाला.

कोशात 'चार्ज'पुढे डझनभर शब्द सापडतील. त्यांतला कोणता उचलायचा हे ओळ सांगते : कोण, कुणावर, काय लादतो आहे. पुढचे बिल आले की रक्कम भरण्याआधी डावीकडचा शब्दांचा रकानाही एकदा वाचा.