आघातकोनदर्शक : स्वनिर्मित विमानासाठी कोणता निवडावा?

स्वतःच्या हातांनी विमान बांधून त्यातून उडण्याचा छंद आपल्याकडे अपवादात्मक असला, तरी अमेरिकेत तो चांगलाच रुजलेला आहे. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी वा आनंदासाठी केलेले असेल, तर तेथील हवाई प्रशासन त्या विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गात उड्डाणाची परवानगी देते. ओरेगन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या आरव्ही मालिकेतील सुट्या भागांच्या संचांपासून आजवर अकरा हजारांहून अधिक विमाने तयार होऊन उडाली आहेत. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे मराठी वाचकालाही हा विषय सर्वस्वी परका राहिलेला नाही.

असे विमान बांधणारा माणूस रिव्हेट ठोकण्यात आणि तारा जोडण्यात काही वर्षे घालवतो आणि अखेरीस उपकरण-फलकाशी येऊन थांबतो. कोणते पडदे घ्यावेत, कोणता रेडिओ घ्यावा, या यादीत एक छोटे उपकरण बहुधा शेवटी येते किंवा गाळले जाते. ते म्हणजे ‘अँगल ऑफ अॅटॅक इंडिकेटर’. त्याला आपण आघातकोनदर्शक म्हणू.

वेग नव्हे, कोन

विमानाचा पंख समोरून येणाऱ्या हवेला ज्या कोनात सामोरा जातो, तो आघातकोन. हा कोन वाढवला की पंखाचे उत्थापक बल वाढते. पण एका मर्यादेपर्यंतच. छोट्या विमानांच्या बहुतेक पंखांत सुमारे 15 ते 18 अंशांच्या आसपास पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरील प्रवाह विस्कटतो आणि उत्थापक बल घसरते. यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी याचा काही संबंध नाही. जर्मनीचा ग्लायडर-संशोधक ओटो लिलिएन्थाल 9 ऑगस्ट 1896 रोजी अशाच प्रकारे कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला.

वैमानिकाला मात्र कोन दिसत नाही. त्याच्यासमोर असतो वेगदर्शक. स्टॉलचा म्हणून जो वेग सांगितला जातो, तो ठराविक वजनाला आणि सरळ उड्डाणालाच लागू असतो. समजा, एखादे विमान सरळ उडताना 50 नॉटला स्टॉल होते. उंची कायम राखून 30 अंश कललेल्या वळणात तोच वेग सुमारे 54 नॉट, 45 अंशांत साठच्या जवळ आणि 60 अंशांत 71 नॉट होतो. उलट वजन दहा टक्क्यांनी घटले, तर तो पाच टक्क्यांनी कमी होतो. वेग असा बदलत राहतो. कोन मात्र, फ्लॅपची स्थिती तीच असेल तर, जवळजवळ तोच राहतो.

या विधानाची किंमत धावपट्टीकडे वळताना कळते. वारा पाठीमागून ढकलत असतो, वळण थोडे लांबते, धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. वैमानिक विमान अधिक कलवतो आणि नाक वर ठेवण्यासाठी दांडा ओढतो. वेगदर्शक 65 नॉट दाखवत असतो, म्हणजे सरळ उड्डाणासाठी पुरेसा. पण पंख मर्यादेला पोहोचलेला असतो. जमिनीपासून चार-पाचशे फुटांवर एक पंख आधी कोसळला, तर सावरण्यासाठी उंचीच शिल्लक नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये स्वनिर्मित विमानांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंजिनातील बिघाडाबरोबरच हवेत ताबा सुटणे हे अपघातांचे प्रमुख कारण ठरले होते. प्रमाणित विमानात स्टॉलची पूर्वसूचना मिळणे बंधनकारक असते. स्वनिर्मित विमानात तशी सक्ती नाही. तेथे निर्णय बांधणाऱ्याचाच.

उपकरणांचे प्रकार

पहिला प्रकार पात्याचा. हवेच्या प्रवाहात मोकळेपणी फिरणारे छोटे पाते थेट कोन मोजते. तत्त्व सरळ आहे. पण पाते नाजूक असते. हँगरमध्ये विमान ढकलताना कोणाचा खांदा लागला तरी ते वाकते.

दुसरा प्रकार दाबाच्या फरकाचा. पंखाखाली बसवलेल्या नळीच्या टोकाला एक छिद्र समोर आणि एक खाली तिरपे असते. कोन वाढला की दोन छिद्रांतील दाबांचा फरक बदलतो. डायनॉन किंवा गार्मिन यांच्या इलेक्ट्रॉनिक पडद्यांबरोबर वेगमापनाच्या पिटॉट नळीतच असे जादा छिद्र मिळते. ज्याने पडदा आधीच निवडला आहे, त्याच्यासाठी हा सर्वांत सुटसुटीत मार्ग.

तिसऱ्या प्रकारात पंखाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे ठेवून तेथील दाब मोजतात. बाहेर काही लोंबत नाही, हा फायदा. मात्र पंख बंद करण्यापूर्वीच नळ्या टाकाव्या लागतात आणि फ्लॅपची स्थिती यंत्राला कळवावी लागते.

चौथा प्रकार सर्वांत साधा. दोन छिद्रांची दांडी आणि दाब दाखवणारा काट्याचा डायल. याला वीज लागत नाही. तो कोनाचा आकडा सांगत नाही. पंखात किती उत्थापक बल शिल्लक आहे, एवढेच दाखवतो. पाचव्या प्रकारात वेगळी नळीच नसते. वेग, विमानाचा कल आणि त्वरण यांवरून संगणक कोनाचे गणित मांडतो.

निवड कशी करावी?

पहिला प्रश्न दर्शवण्याच्या पद्धतीचा. उतरताना वैमानिकाची नजर बाहेर असते. म्हणून दिवे डोळ्यांच्या रेषेत, फलकाच्या वरच्या कडेला असावेत; आणि कानात वाजणारा सूर त्याहूनही चांगला. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांना विमानवाहू नौकेवर उतरताना वेगाऐवजी आघातकोन धरून उतरायला शिकवतात, आणि एफ-4 फँटम विमानात कोनानुसार बदलणारा सूर ऐकू येत असे. केवळ शेवटच्या क्षणी किंचाळणाऱ्या भोंग्यापेक्षा हळूहळू बदलणारा सूर अधिक उपयोगी, कारण तो धोक्याच्या आधी दिशा सांगतो.

दुसरा प्रश्न गणिताचा. छिद्रांतील दाबांचा फरक कोनाबरोबर वेगानेही बदलतो. म्हणून चांगले इलेक्ट्रॉनिक यंत्र त्या फरकाला हवेच्या गतिजन्य दाबाने भागते. विकत घेताना हे विचारून घ्यावे. तसे नसेल, तर सरळ उड्डाणात बरोबर दाखवणारे यंत्र तीव्र वळणात, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी, वेगळे बोलेल.

तिसरा प्रश्न फ्लॅपचा. फ्लॅप खाली असताना पंखाचा आकार बदलतो आणि स्टॉलचा कोनही. फ्लॅपच्या स्थितीनुसार वेगळी नोंद ठेवणारे यंत्र श्रेयस्कर. नसेल तर उतरण्याच्या स्थितीला अनुसरून ते जुळवावे.

चौथा प्रश्न विमानाचा. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेडसारख्या विमानांत पुढचा छोटा पंख आधी स्टॉल होतो आणि नाक आपोआप खाली येते. तेथे हे उपकरण गौण ठरू शकते. आखूड पंखांच्या चपळ विमानात मात्र ते आधी घ्यावे. किमतीचा पल्ला काहीशे डॉलरपासून काही हजारांपर्यंत आहे; पण महाग ते अचूक, असा नियम नाही.

जुळवणी हाच कस

यंत्र कोणतेही असो, ते त्या विशिष्ट विमानात जुळवल्याशिवाय निरुपयोगी असते. नळी प्रोपेलरच्या झोतापासून दूर, पंखाच्या बाहेरच्या भागात बसवावी. जोडणीत गळती नाही ना, छिद्रांत पाणी वा किडा नाही ना, हे उड्डाणापूर्वी तपासावे आणि जमिनीवर नळीला आवरण घालावे. मग भरपूर उंचीवर, अनुभवी प्रशिक्षकाला सोबत घेऊन स्टॉलच्या नोंदी घ्याव्यात. खरी परीक्षा सोपी आहे : सरळ उड्डाणात स्टॉलच्या वेळी काटा जेथे होता, तेथेच तो वळणातील स्टॉलच्या वेळीही असला पाहिजे. वेग वेगळा, काटा एकाच जागी. तसे झाले तर यंत्र कोन मोजते आहे. नाही झाले तर ते वेगच दुसऱ्या रूपात दाखवते आहे.

अवलंबून किती राहावे?

याचे उत्तर दोन मोठ्या दुर्घटनांत आहे. 1 जून 2009 रोजी अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या विमानात 228 जण दगावले. ते विमान अखेरपर्यंत स्टॉलमध्ये होते, आणि वैमानिकांसमोर आघातकोन दाखवणारे उपकरण नव्हते. फ्रेंच तपास यंत्रणेने पुढे असे उपकरण देण्याचा विचार व्हावा, अशी शिफारस केली. याउलट ऑक्टोबर 2018 आणि मार्च 2019 मधील बोइंग 737 मॅक्सच्या दोन अपघातांत 346 जणांचे प्राण गेले. तेथे एकाच संवेदकाच्या चुकीच्या कोनावर विसंबून संगणक विमानाचे नाक खाली दाबत राहिला. पहिली घटना सांगते, कोन दिसायला हवा. दुसरी सांगते, एकट्या संवेदकाच्या हाती विमानाचा ताबा देऊ नये.

छोट्या विमानातील आघातकोनदर्शक केवळ सल्लागार असतो. वेगदर्शक, दांड्याची जाणीव आणि पंखांची थरथर यांच्याशी त्याचे बोलणे जुळते की नाही, हे प्रत्येक उड्डाणात पाहावे लागते. जुळले नाही, तर त्या दिवशी वळण रुंद घ्यावे, दांडा सैल सोडावा आणि गरज वाटताच पुन्हा एक फेरी मारावी. त्याने सूर चढवला की ओढलेला हात ढिला करायचा, एवढी सवय अंगवळणी पडली तरच हे उपकरण विकत घेण्याला अर्थ आहे.